कमलाबाईंची प्रयोगशाळा आणि आपलं ताट

चैत्रोत्सवात सप्तशृंगी गडावर गेलं की देवीच्या दर्शनाइतकंच माणसांचंही दर्शन घडतं. आम्ही वणीकर म्हणजे गडाच्या अंगणातलेच. पाहुणे आले की नांदुरीचा घाट चढायचा हे ठरलेलं. २०१८ साली गडावर ट्रॉली सुरू झाली आणि गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांची मोठीच सोय झाली. मीही त्यातलीच. पन्नाशी ओलांडली तशी वर जाताना मी ट्रॉलीच्या रांगेत असते, खोटं कशाला सांगू!

एका चैत्रात मात्र मला माझीच लाज वाटली. धुळ्याकडून पायी आलेली एक आजी दर्शन घेऊन सावलीला टेकली होती. वय तिच्या हिशेबानं बहात्तर. चालून चालून पाय धुळीनं माखलेले, पण गप्पा मारून उठताना तिनं हात जमिनीला टेकवला नाही की कुणाचा आधार घेतला नाही. सरळ उभी राहिली. मी उठले ती आई गं म्हणत, खांब धरून. तिच्या शिदोरीत कळण्याची भाकरी होती. वाटेत कळवणला लेकीकडे मुक्काम झाला, तिनं ती बांधून दिली होती. कळणा म्हणजे ज्वारीबरोबर अख्खे काळे उडीद दळलेलं पीठ, हे खान्देशातल्या वाचकांना सांगायला नको. एक तुकडा तिनं माझ्याही हातावर ठेवला.

आता ती आजी ठणठणीत होती ती काही एकट्या भाकरीमुळे नव्हे. आयुष्यभर शेतात राबलेलं शरीर ते. आणि राबून राबून चाळिशीतच म्हाताऱ्या झालेल्या बायाही आपण आपल्या आसपास पाहतोच. नुसते कष्ट माणसाला टिकवत नाहीत, कष्टांबरोबर पोटात काय जातं तेही बघावं लागतं. भाकरीचा तो तुकडा चावताना मला आठवण झाली ती एका मराठी बाईची. ज्वारी-उडदाच्या जोडीत, वालाच्या बिरड्यात, नीरेच्या पेल्यात नेमकं काय असतं, याचा शोध घेण्यात जिनं जन्म घालवला, त्या डॉ. कमला सोहोनी यांची.

दुर्गा भागवत हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक असेल. लोकसाहित्याच्या अभ्यासक, १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष, आणीबाणीत ताठ उभ्या राहिलेल्या. कमलाबाई या दुर्गाबाईंच्या धाकट्या बहीण. जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. आपणही तिथंच शिकायचं, संशोधन करायचं असं कमलानं मनाशी पक्कं केलं होतं. ज्या काळात मुलगी मॅट्रिक झाली तरी पेढे वाटले जात, त्या काळात ती १९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला पहिली आली. पहिली आलेल्या विद्यार्थ्याला बंगळूरला प्रवेश मिळणार यात शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

पण अर्ज नामंजूर झाला. कारण एकच, अर्जदार मुलगी आहे! तिथले संचालक होते सर सी. व्ही. रामन, तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळवलेले. एवढा मोठा माणूस, सारा देश ज्याचा अभिमान बाळगत होता, त्यानं संस्थेत मुली घेत नाही म्हणून सांगितलं. वडील आणि काका भेटून आले, विनवण्या झाल्या. उपयोग शून्य. तेव्हा कमला स्वतः बंगळूरला गेली आणि रामन यांना तोंडावर जाब विचारला, की मी पहिली आले आहे, मुलगी असणं हा माझा दोष कसा? प्रवेश मिळाल्याशिवाय हलणार नाही असं सांगून तिनं त्यांच्या दारात सत्याग्रह मांडला. गांधीजींच्या मार्गाचा असाही उपयोग होतो.

अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, काम पसंत पडलं तरच पुढचं बघू. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा काम करावं लागेल. आणि प्रयोगशाळेतल्या पुरुष मंडळींचं लक्ष विचलित होता कामा नये! या शेवटच्या अटीवर हसावं की रडावं कळत नाही. कमलानं सगळ्या अटी गिळल्या, पण विसरली नाही. म्हातारपणीही हा अपमान त्या बोलून दाखवत. रामन थोर शास्त्रज्ञ होते, पण मनानं कोते होते, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

मार्गदर्शक मात्र चांगले भेटले. श्रीनिवासय्या नावाचे हे गुरू शिस्तीला कडक, पण शिकवायला हातचं न राखणारे. त्यांच्या हाताखाली कमलानं विषय घेतला तो दुधातल्या आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांचा. गरीब देशातल्या माणसांना अंगात ताकद कुठून मिळते, तर डाळीतून आणि जमलं तर दुधातून. मग त्यात नेमकं काय आणि किती आहे, हे मोजायला नको? वर्षभरानं रामनसाहेबांची खात्री पटली. तिला पूर्णवेळ प्रवेश मिळाला आणि पुढे इतर मुलींसाठीही संस्थेचं दार उघडलं. १९३६ साली एम.एस्सी. पदवी मिळाली. या सगळ्या धबडग्यात ती टेनिसही खेळत असे, हे मला फार आवडतं. अटी घालणाऱ्यांनी टेनिसचा विचार केला नसावा.

१९३७ मध्ये कमला केंब्रिजला पोहोचली, न्यूनहॅम कॉलेजात. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात तिला काम करायचं होतं. तिथं डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकानं आपलं टेबल तिला दिवसभर वापरायला दिलं. मायदेशी रात्रीच्या कामाच्या अटी आणि परदेशात दिवसाउजेडी हक्काचं टेबल, गंमतच आहे की नाही? पुढे रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर काम करताना तिला बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम सी हा पदार्थ आढळला. तो सगळ्या वनस्पतींच्या पेशींत असतो हे तिनं दाखवून दिलं.

नाव ऐकून घाबरू नका. आपण भाकरी खाल्ली की तिचं पोटात पीठ, पिठाची साखर आणि साखर रक्तातून प्रत्येक पेशीत, एवढं आपल्याला माहीत असतं. तिथं पुढे काय होतं? पेशीच्या आत एक चूल असते असं समजा. श्वासातून आलेल्या प्राणवायूवर ही चूल पेटते, त्यात अन्न जळतं आणि आपल्याला ऊर्जा मिळते. ही चूल पेटती ठेवणाऱ्या साखळीतली एक कडी म्हणजे सायटोक्रोम सी. माणसात, जनावरात ती असते हे ठाऊक होतं. झाडापाल्यातही तीच चूल, तीच कडी आहे, हे कमलानं सांगितलं. बटाटा आणि बटाटा चिरणारी बाई, दोघींच्या पेशी एकाच रीतीनं जगतात! अवघ्या १४ महिन्यांचं काम आणि ४० पानांचा प्रबंध. त्यावर १९३९ मध्ये केंब्रिजनं तिला डॉक्टरेट दिली. हजार पानांचे गठ्ठे लिहिणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

ही पेशीतली चूल आपल्या म्हातारपणाशी फार जवळून जोडलेली आहे, म्हणून एवढं सांगितलं. शरीरात सगळ्यात जास्त चुली असतात त्या स्नायूंमध्ये. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा बराच मोठा वाटा स्नायूच उचलतात. तिशी-पस्तिशीनंतर हळूहळू आणि साठीनंतर जरा वेगानं स्नायू कमी होत जातात. वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते, आकडा तोच राहतो. पाळी गेल्यावर ही चरबी पोटावर जमायला लागते आणि हाडंही विरळ होऊ लागतात. म्हणजे साखर उचलणारे हात कमी झाले, खाणं मात्र तेच, भात-चपाती-चहा-बिस्किट. मग एक दिवस डॉक्टर शुगरचा कागद पुढे करतात आणि आपण म्हणतो, अगं बाई, मी तर गोड खातच नाही! आयसीएमआरच्या पाहणीनुसार, जी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर आहेत, आणि त्या उंबरठ्यावर असलेले त्याहूनही जास्त, साडेतेरा कोटींच्या घरात.

केंब्रिजची डॉक्टर कमला भागवत तिथं राहू शकली असती. पण ती १९३९ मध्येच परत आली. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभागाची प्रमुख, मग निलगिरीत कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. कुणी काय, किती खावं याचे देशभर वापरले जाणारे तक्ते येतात ते तिथूनच. कुन्नूरला कमलाबाईंनी जीवनसत्त्वांवर काम केलं. १९४७ मध्ये त्यांचं लग्न झालं ते विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी. तेव्हा त्यांचं वय छत्तीस. आजही छत्तीसाव्या वर्षी लग्न म्हटलं की आपल्याकडच्या आत्या-मावश्या भुवया उंचावतात, तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करा. लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नव्यानं सुरू झालेल्या जीवरसायन विभागात प्राध्यापक झाल्या.

इथं सुरू होतं ते काम, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या रोजच्या कडधान्यांना, विशेषतः वाल-पावटा आणि डबल बी यांना, पार सोलून काढलं. कच्च्या कडधान्यात प्रथिनं भरपूर असतात, पण त्यांच्याबरोबर निसर्गानं काही पहारेकरीही ठेवलेले असतात. ट्रिप्सिन नावाचा एक पाचक रस आपल्या आतड्यात प्रथिनं पचवायचं काम करतो. हे पहारेकरी त्याचेच हात बांधून टाकतात. बियाणं किड्या-पाखरांपासून वाचावं म्हणून झाडानं केलेली ती व्यवस्था. आणखी एक प्रकार रक्तातल्या पेशी एकमेकींना चिकटवणारा. त्यावरही कमलाबाईंच्या विभागात वालाच्या दाण्यांवर काम झालं. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले वाल-राजमा खाऊन पोट बिघडतं, ते या मंडळींमुळे.

आता आपली आजी काय करायची? रात्री वाल भिजत घालायची. सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायची. मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायची, आम्हा पोरींना त्या कामाला बसवायची, आणि मग मऊ शिजवायची. भिजवल्यानं, मोड आल्यानं ते पहारेकरी कमी होतात आणि उरलेल्यांचा बंदोबस्त शिजवताना होतो. मोड येताना धान्यात नसलेलं क जीवनसत्त्वही तयार होतं, आणि ते लोह अंगी लागायला मदत करतं. आजीला यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. तिला वायू होतो एवढं कळत होतं. कमलाबाईंनी तिच्या पद्धतीमागचं रसायन दाखवलं.

मात्र म्हणून आजीचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. आजीनं वाल सोलले, शिजवले, फोडणी दिली आणि वाढले कुणाला? आधी आजोबांना, मग मुलांना, मग पाहुण्यांना. पातेल्यात शेवटी राहायचा तो रस्सा. तिच्या ताटात रस्सा आणि भाकरी. ही रीत आपल्याकडे अजून गेलेली नाही, फक्त भाकरीच्या जागी चपाती आली. बघा, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं बाईला किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. म्हणजे ५५ किलोच्या बाईला ४५ ग्रॅमच्या आसपास. कोरडी डाळ किंवा कडधान्य १०० ग्रॅम घेतलं तर त्यात २० ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात. पण पळीभर पातळ वरणात डाळ किती? फार तर दोन चमचे. राहिलेलं चपातीतून, भातातून, दुधातून भरून निघतं खरं, पण आपल्यापैकी कितीजणी चहाव्यतिरिक्त दूध घेतात? महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत तो आकडा ५४ टक्के निघाला. कमलाबाईंनी प्रथिनं मोजली तेव्हाही हाच प्रश्न होता, आजही हाच आहे. तेव्हा भूक जास्त होती, आता पोट भरलेलं असतं आणि तरी शरीर उपाशी.

आपल्या नऊ दिवसांच्या उपासांचंच बघा ना. देवीच्या पायथ्याशी राहून उपासाविरुद्ध बोलणार नाही, मीही करते. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावाला. त्यात तूप, बटाटा आणि दुपारी केळ्याचे वेफर्स. शुगर असणाऱ्या बाईचं यात काय होत असेल? त्यापेक्षा भगर आणि शेंगदाण्याची आमटी कितीतरी बरी. शेंगदाण्यात डाळीइतकीच प्रथिनं असतात. बरोबर ताक, दही घ्यावं. आणि उपास सुटल्यावर नागली विसरू नये. आपल्या सुरगाणा-कळवण पट्ट्यातली नागली बाजारात येते आणि आपण तिच्याकडे ढुंकून न बघता पुढे जातो. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्याशुभ्र तांदळात त्याचा फारच थोडा अंश. हाडं विरळ होण्याच्या वयात हा फरक लहान नाही.

कमलाबाईंकडे परत येऊ. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी नीरेवर संशोधन व्हावं असं सुचवलं आणि कमलाबाईंनी ते मनावर घेतलं. ताड-माडाचा, शिंदीचा हा ताजा रस. पहाटे काढला तर नीरा, उन्हं चढल्यावर आंबला की ताडी. अनेक वर्षं त्यांनी नीरेचा आणि ताडगुळाचा अभ्यास केला. त्यात अ आणि क जीवनसत्त्व, लोह असं बरंच काही निघालं. कुपोषित आदिवासी मुलामुलींना आणि गरोदर बायकांना आहारात नीरा दिली तर त्यांची तब्येत सुधारते असं दिसून आलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. महागडी टॉनिकं परवडत नाहीत अशा पाड्यावरच्या बाईला तिच्याच रानातल्या झाडातून औषध मिळावं, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. पण एक सांगते, नीरा गोड असते, साखर त्यात भरपूर. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी कौतुकानं पेलाभर पिऊ नये. उपाशी पोरीला जे औषध, ते शुगरवाल्या काकूंना अपाय. अन्न तेच, अंग वेगळं.

मुंबईच्या आरे दुग्ध प्रकल्पालाही दुधाच्या दर्जाबाबत त्या सल्ला देत. एवढं सगळं करूनही संस्थेच्या संचालकपदासाठी मात्र त्यांना चार वर्षं ताटकळावं लागलं. अंतर्गत राजकारण, दुसरं काय! अखेर पद मिळालं, त्यांनी ते उत्तम सांभाळलं आणि १९६९ मध्ये निवृत्त झाल्या. बंगळूरला दार बंद होतं तेव्हा त्या बाविशीच्या होत्या, इथं ताटकळल्या तेव्हा पन्नाशीच्या. मधल्या तीस वर्षांत देश स्वतंत्र झाला, एवढाच काय तो फरक.

निवृत्तीनंतर बाई स्वस्थ बसली नाही, आणि त्यांच्या आयुष्याचा हा भाग आपल्याला जास्त जवळचा. १९६६ मध्ये मुंबईत काही बायकांनी मिळून ग्राहक मार्गदर्शन सोसायटी काढली होती. तेल, डाळी, हळद, तिखट यात भेसळ होते, वजनात मारलं जातं, याविरुद्ध आवाज उठवायचा, पण पुराव्यानिशी. कमलाबाई तिच्या सुरुवातीपासूनच्या सदस्य. केंब्रिजची डॉक्टरेट असलेली बाई वाण्याच्या दुकानातली डाळ तपासायला बसली! १९८२-८३ मध्ये त्या सोसायटीच्या अध्यक्षही झाल्या. म्हणजे सत्तरी उलटल्यावर. सोसायटीच्या ‘कीमत’ या मासिकात त्यांनी ग्राहकांसाठी लेख लिहिले. मराठीत ‘आहार-गाथा’ लिहिलं. थोरल्या बहिणीनं, दुर्गाबाईंनी, ‘खमंग’ नावाचं पाककृतींचं पुस्तक केलं. एकीनं चव सांगितली, दुसरीनं त्या चवीच्या आत काय दडलंय ते. दोघी बहिणी दीर्घायुषी. दुर्गाबाई २००२ मध्ये गेल्या तेव्हा ९२ वर्षांच्या होत्या.

शेवटपर्यंत कमलाबाईंचं डोकं लख्ख होतं आणि त्या हिंडत्या-फिरत्या होत्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आयसीएमआरनं दिल्लीत त्यांचा सत्कार केला. आयसीएमआरच्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. सत्यवती यांनी या विस्मरणात गेलेल्या शास्त्रज्ञ बाईला शोधून काढलं होतं. भरलेलं सभागृह त्यांच्यासाठी उभं राहिलं. त्याच समारंभात त्या कोसळल्या आणि नंतर थोड्याच दिवसांत गेल्या. शाळेच्या पुस्तकात रामन यांचा धडा असतो, असायलाच हवा. कमलाबाईंचा धडा माझ्या मुलांच्या पुस्तकात तरी नव्हता.

गडावरून आल्यावर मी दोन गोष्टी सुरू केल्या, तेवढ्या सांगते. एक म्हणजे उसळ वाढताना स्वतःची वाटी आधी भरून झाकून ठेवते. पहिले चार दिवस हात अडखळला, घरच्यांनीही बघितलं, मग सवय झाली. जेवताना तिच्यावर लिंबू पिळते आणि जेवणाबरोबरचा चहा बंद, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. (ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.) आणि दुसरं म्हणजे रोज दहा वेळा हात न लावता खुर्चीवरून उठते-बसते. नातू मोजतो. आजी, आठच झाले, म्हणून पकडतोही.

आणि कळणा. त्या आजीनं सांगितलेलं प्रमाण माझ्या गिरणीवाल्याला आता पाठ झालंय. चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे काळे उडीद, सालासकट. उडीद निवडून घ्यायचे, खडे असतात. खडं मीठ दळणातच टाकायचं. पीठ जाडसर दळून आणायचं, भाकरी थापताना कोमट पाणी घ्यायचं आणि तवा चांगला तापू द्यायचा. भाकरी जरा काळपट दिसते. घरातली पोरं पहिल्या दिवशी नाक मुरडतात, तेव्हा वर लोण्याचा गोळा ठेवावा.